ॲल्युमिनियमचे पार्सल डबे बाहेरून मागवताना या चुका टाळा

बेळगावात लग्नसराई सुरू झाली की केटररचे फोन सकाळी सहालाच येऊ लागतात. साडेसातशे मिलीचे दोन हजार डबे, अडीचशेचे पाच हजार, आणि तेही संध्याकाळपर्यंत. हायवेवरची हॉटेलं, खानावळी, मेसवाले यांची मागणी तर बाराही महिने असते. हा माल आम्ही घाऊक विकतो, त्यामुळे एक प्रश्न सारखा कानावर येतो: "भाऊ, परदेशातून थेट कंटेनर मागवला तर किती पडेल?"

विचारणाऱ्याच्या मोबाईलवर बहुतेक वेळा पुरवठादाराचा दर आधीच आलेला असतो, आणि त्या दराला एखादा टक्का लावून त्यानं नफाही मोजलेला असतो. घोळ तिथूनच सुरू होतो. आयात शुल्क बंदरावर भरायचं असलं तरी ते ठरतं ऑर्डर देण्याच्या दिवशी. इनव्हॉइसवर काय लिहिलंय, डब्याची जाडी किती, भाडं कोणी भरलं, माल कुठल्या देशात बनला, हे सगळं त्या दिवशी पक्कं होतं. माल न्हावाशेवाला उतरला की त्यातलं फारसं काही बदलता येत नाही.

(इथून पुढे 'डबा' म्हणजे जेवणाचा डबा आणि 'कंटेनर' म्हणजे जहाजावरचा. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला की फोनवरसुद्धा गोंधळ होतो.)

'फॉइल' हा एक शब्द

सहा वर्षांपूर्वी आमचा पहिला कंटेनर आला. पुरवठादारानं इनव्हॉइसवर मोघम लिहिलं होतं, 'ॲल्युमिनियम फॉइल प्रॉडक्ट्स'. आमच्या कस्टम्स एजंटानं ते वाचलं आणि कस्टम्सच्या वस्तूंच्या यादीतला कोड टाकला 7607, म्हणजे फॉइलचा. मीही सही केली, कारण बाजारात आपण त्याला फॉइलचा डबाच म्हणतो. लगेच प्रश्न आला, चीनहून आलेली फॉइल आहे, जाडी किती? 2017 पासून भारतानं 80 मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चिनी ॲल्युमिनियम फॉइलवर वेळोवेळी अँटी डंपिंग ड्युटी (फार स्वस्तात येणारा परदेशी माल रोखायचा जादा कर) लावली आहे, आणि ती नेहमीच्या कस्टम ड्युटीच्या वर असते. आमच्या डब्याची भिंत 60 मायक्रॉनची होती. नमुना तपासणीला गेला, पत्रांवर पत्रं गेली, आणि तेवढे दिवस कंटेनर यार्डात पडून राहिला. यार्डाचं भाडं वेगळं, शिपिंग लाइनचं डिटेंशन (कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार) वेगळं. त्या मालात नफा तर नाहीच, मुद्दलही पुरतं सुटलं नाही.

आता हीच गोष्ट डबा हातात घेऊन बघा. काठ बाहेर वळवून गोल केलेला असतो, कोपऱ्यांना चुण्या पडलेल्या असतात, तळाला उठाव असतो. पत्रा प्रेसखाली दाबून त्याला आकार दिलेला आहे. 7607 हे शीर्षक, म्हणजे यादीतला चार अंकी गट, 0.2 मिलिमीटरपर्यंत जाडीच्या सपाट फॉइलचं आहे, म्हणजे रोल किंवा शीट. फॉइलला आकार देऊन वस्तू बनली की ती त्या शीर्षकातून बाहेर पडते. मग दोन शीर्षकं समोर येतात. 7612 हे ॲल्युमिनियमचे डबे, पेट्या, कॅन यांचं, माल भरून पाठवण्याच्या भांड्यांचं. 7615 हे स्वयंपाकघरातल्या आणि घरगुती वापराच्या वस्तूंचं. हॉटेलात भाजी भरून पार्सल देण्याचा डबा आणि ओव्हनमध्ये केक भाजायचा ट्रे दिसायला सारखे असतात, पण मुद्दा दोघांचा वेगवेगळा मांडला जातो. शीर्षक बदललं की कस्टम ड्युटीचा दर बदलू शकतो, आयातीवरच्या जीएसटीचा, म्हणजे आयजीएसटीचाही.

म्हणून पुरवठादाराला सांगा की वर्णन पूर्ण लिही: दाबून बनवलेला, वळवलेल्या काठाचा, इतक्या मिलीचा, इतक्या मायक्रॉनचा, खाद्यपदार्थ भरण्यासाठी. प्रोफॉर्मा (ऑर्डरआधीचं कच्चं) इनव्हॉइस आल्यावरच हे तपासायचं, अंतिम इनव्हॉइसची वाट बघत बसायचं नाही. झाकणं सोबत येत असतील तर त्यांची संख्या डब्यांच्या संख्येशी जुळली पाहिजे. पुठ्ठ्याची झाकणं जास्त आली की त्या जादा झाकणांचा वेगळा कोड लावायचा का, हा प्रश्न उभा राहतो. नमुन्याच्या डब्याची जाडी मायक्रोमीटरनं स्वतः मोजा. उद्यमबागेतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये तो मिळतो. भिंतीवर, तळावर आणि काठाजवळ अशी तीन ठिकाणी मोजा, कारण दाबताना पत्रा सगळीकडे सारखा ताणला जात नाही.

माल मोठा असेल आणि शंका खरोखर असेल, तर कस्टम्सच्या ॲडव्हान्स रुलिंगचा, म्हणजे माल आणण्याआधीच वर्गीकरणावर निर्णय घेण्याचा, रस्ता आहे. मुंबई आणि दिल्लीला त्याची प्राधिकरणं आहेत. वेळ जातो, पण दर वर्षी आठ-दहा कंटेनर आणणाऱ्याला तो वेळ परवडतो.

टक्क्यांची बेरीज

दुसरी चूक हिशेबाची. 'ड्युटी 10 टक्के, जीएसटी 18 टक्के, म्हणजे 28 टक्के', असं वहीवर लिहिलेलं मी कितीदा तरी पाहिलं आहे. तसं नसतं. हे दर फक्त उदाहरणासाठी घेऊ. तुमचे खरे दर आयातीच्या वेळी चालू असलेले बघा.

समजा मालाची एफओबी किंमत (जहाजावर चढेपर्यंतची, भाडं-विमा सोडून) 8,00,000 रुपये, जहाजाचं भाडं 2,00,000. विम्याचा खर्च माहीत नसेल तर एफओबीच्या 1.125 टक्के धरतात, म्हणजे 9,000. एकूण 10,09,000. यावर 10 टक्के मूळ ड्युटी 1,00,900. त्या ड्युटीच्या रकमेवर 10 टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, 10,090. आतापर्यंत झाले 11,19,990, आणि आयजीएसटी लागतो तो या सगळ्या बेरजेवर, 2,01,598. सगळं मिळून 3,12,588 रुपये. वहीवाल्यानं 8 लाखांवर 28 टक्के धरून 2,24,000 बाजूला ठेवलेले असतात. कमी पडले 88,588, आणि तेही अशा दिवशी की पैसे भरल्याशिवाय माल हलत नाही. उशीर झाला की त्या रकमेवर वर्षाला 15 टक्क्यांनी व्याज.

आपल्या मालात भाड्याचा आकडा सगळ्यांत दगा देतो. डबे वजनाला हलके, पण जागा प्रचंड खातात. एकात एक घातले तरी कंटेनर आधी भरतो, वजनाची मर्यादा कुठच्या कुठे राहते. म्हणून किमतीच्या मानानं भाडं जास्त, आणि ड्युटी त्या भाड्यावरही लागते. वरच्या उदाहरणात भाडं धरायचं राहिलं तर ड्युटीच 61,960 रुपयांनी कमी दिसते. भाड्याची पावतीच दाखवता आली नाही तर नियमानं एफओबीच्या 20 टक्के धरतात. तुम्ही प्रत्यक्षात त्याहून कमी भरलं असेल तर नुकसान तुमचंच. पावती जपून ठेवा.

डॉलरचा भाव बँकेनं लावलेला नाही, कस्टम्सनं जाहीर केलेला लागतो, आणि तोही बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे भरायचा आयातीचा अर्ज) दाखल केल्या दिवशीचा.

आयजीएसटी परत मिळतो, पण सगळ्यांना नाही

वरच्या 3,12,588 पैकी 2,01,598 रुपये आयजीएसटीचे आहेत आणि नियमित जीएसटी भरणाऱ्याला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे विक्रीवरच्या करातून ते वळते होतात. अंगावर येतात ते उरलेले 1,10,990. विक्रीचा दर काढताना हे दोन आकडे वेगळे ठेवा, नाहीतर बाजारात तुमचा डबा उगाच महाग होतो.

पण कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) असलेल्या दुकानदाराला हे क्रेडिट नाही. त्याला सगळे 3,12,588 खर्चात धरावे लागतात. आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं. आमचं निम्मं गिऱ्हाईक चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर, कुडाळ, म्हापसा इकडचं. चंदगडचा हॉटेलवाला एसटीनं येऊन दोन पोती डबे घेऊन जातो, तो आपल्याला घरचाच वाटतो. कागदावर मात्र ते दुसरं राज्य आहे, आणि कंपोझिशनवाल्याला परराज्यात माल विकता येत नाही. आयातीचा विचार करण्याआधी हा निर्णय घ्या.

बिल ऑफ एंट्रीवर जीएसटी नंबरचा एक आकडा चुकला की क्रेडिट तुमच्या जीएसटीआर-2बी मध्ये (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या महिन्याच्या यादीत) दिसत नाही. ज्यांची कर्नाटकात आणि महाराष्ट्रात अशी दोन्हीकडे नोंदणी आहे, त्यांचा एजंट कधी कधी चुकून मुंबईचा नंबर टाकतो. दाखल करायच्या आधी चेकलिस्ट (बिल ऑफ एंट्रीचा कच्चा मसुदा) मागवून घ्या आणि स्वतः वाचा. पाच मिनिटांचं काम आहे.

यार्डातून गाडी निघताना ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, लागतं. न्हावाशेवा ते बेळगाव पाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि 200 किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं मुदत तीन दिवसांची मिळते. घाटात गाडी बंद पडली तर मुदत वाढवून घ्या. कोगनोळी नाक्यावर पोचल्यावर आठवून उपयोग नसतो.

'थायलंडचा माल आहे, ड्युटी माफ'

हे वाक्य दलालाच्या तोंडून आलं की थांबा. थायलंडसह आग्नेय आशियातल्या आसियान देशांशी भारताचा करार आहे आणि त्यात सवलती आहेत, हे खरं. पण चीनची फॉइल थायलंडला नेऊन नुसती दाबली, तर तो डबा आपोआप थायलंडचा होत नाही. सहा अंकी उपशीर्षक बदलणं ही एक अट झाली. त्याबरोबर किमतीतला किमान 35 टक्के वाटा त्या देशांत तयार झालेला लागतो. ॲल्युमिनियमच्या डब्याच्या किमतीत फॉइलचाच भार मोठा, त्यामुळे ही दुसरी अट बऱ्याचदा अडते. 21 सप्टेंबर 2020 पासून लागू झालेल्या कॅरोटार नियमांप्रमाणे (करारातली सवलत मागताना मूळ देश सिद्ध करायचे नियम) याची माहिती आयातदारानं स्वतःकडे ठेवायची असते. मूळ देशाचं सर्टिफिकेट दाखवलं म्हणजे सुटलो, असं नाही. कच्चा माल कुठून आला, त्याची किंमत किती, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. तो टाळाटाळ करत असेल तर सवलत मागूच नका, पूर्ण ड्युटी धरून हिशेब करा.

ड्युटी नाही, तरी माल अडवणारे कागद

हे थोडक्यात सांगतो. आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी नंबर) दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करावा लागतो, बदल काही नसला तरी. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाच्या व्यवहारासाठीचा बँकेचा नंबर) बंदरावर नोंदवलेला हवा. फूड पॅकिंगच्या ॲल्युमिनियम फॉइलसाठी आयएस 15392 हे मानक आहे. केंद्राच्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डरमध्ये (मानक सक्तीचं केलेल्या वस्तूंच्या आदेशात) तुमची वस्तू येते का, हे ऑर्डरच्या आठवड्यात तपासा, कारण या याद्या बदलतात. येत असेल तर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) लायसन परदेशातल्या कारखान्याच्या नावावर लागतं आणि त्याला महिने जातात. दहा-दहा डब्यांची पाकिटं किरकोळ विकणार असाल तर पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, नग, महिना-वर्ष आणि एमआरपी हवं. लेबलं तिकडूनच लावून घेतलेली बरी.

माल अडकलाच तर

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल व्हायला हवं. उशिराला पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि पुढे रोज 10,000 रुपये लागतात. त्यामुळे कागद अपुरे म्हणून गप्प बसू नका, एजंटाच्या मागे लागा.

वर्गीकरणावरून वाद झाला तर तात्पुरत्या आकारणीची मागणी करता येते, कस्टम्स कायद्याच्या कलम 18 खाली. बाँड आणि हमी देऊन माल सोडवायचा, वाद मागे चालू राहतो. आम्हाला पहिल्या वेळी हे कोणी सांगितलं नव्हतं. तपासणी लांबणार असेल तर कलम 49 खाली माल गोदामात हलवायची परवानगी मागा, यार्डाच्या भाड्यातला फरक मोठा असतो. अधिकाऱ्यानं तुमची आकारणी बदलली आणि तुम्हाला ती मान्य नसेल, तर तसं लेखी द्या आणि कारणांसह आदेश मागा. तो 15 दिवसांत द्यायचा असतो. अपील त्यानंतर 60 दिवसांत.

चूक आपलीच निघाली आणि ड्युटी कमी भरली गेली असेल, तर नोटीस यायच्या आधी व्याजासह भरून टाका. लपवाछपवी नसेल तर दंड लागत नाही. उलट जास्त भरली असेल तर थेट परताव्याचा अर्ज चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. आधी बिल ऑफ एंट्री दुरुस्त करून घ्यायचं किंवा अपिलात जायचं, मग परतावा. त्याची मुदत एक वर्ष.

आमच्या त्या पहिल्या कंटेनरमधला एक डबा अजून टेबलावर आहे. तळाला मार्करनं '60 मायक्रॉन' लिहिलंय. नवा पुरवठादार नमुना पाठवतो तेव्हा दोन्ही शेजारी ठेवतो, जाडी मोजतो, आणि मगच दराचं बोलणं सुरू करतो.