पणजीला निघताय? आधी दुपारचं ठरवा

पणजीत तीन-चार दिवस रमतगमत काढायचे असतील, तर यादीत सगळ्यात वर, तिकिटाच्याही आधी, हे लिहा: दुपारी एक ते चार, काही नाही. त्या वेळात गाव मिटलेलं असतं. दुकानं बंद, बेकऱ्या बंद, गल्लीबोळातले छोटे बार बंद. जेवणाची ठिकाणं अडीचच्या सुमाराला खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवायला लागतात. मोठी हॉटेलं उघडी असतात, पण त्यांच्यासाठी पणजी कशाला गाठायची? मागच्या खेपेला आमची बाकीची यादी चोख होती, एवढी एकच ओळ नव्हती. मग तीनच्या उन्हात सासूबाईंना घेऊन फोंतेन्हास या जुन्या वस्तीत जेवण शोधत फिरलो. एका पोरानं अर्ध्या शटरखालून डोकं काढलं, ‘किचन बंद, बाब’ म्हणाला आणि शटर जमिनीपर्यंत ओढलं. पुणेकरांना हे सांगायला नको खरं तर, पण गाव सोडलं की पुणेकरही विसरतो.

आता कधी जायचं. हवा बघून जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हे सगळ्यांना माहीत आहे. पण हुर्राक प्यायची असेल तर ते महिने उपयोगाचे नाहीत. काजूची बोंडं उन्हाळ्याच्या तोंडावर पिकतात. त्यांचा रस आंबवून भट्टीवर एकदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. फेणी वर्षभर मिळते, हुर्राक मात्र टिकत नाही, म्हणून ती साधारण मार्च ते मे एवढीच. डिसेंबरात कुणी ‘ताजी हुर्राक’ म्हणून पुढे केली तर हसून नाही म्हणा. एप्रिलमध्ये गेलात तर ऊन असं लागतं की एक ते चार तुम्ही स्वतःहूनच आडवे व्हाल, तोही फायदाच. जून-जुलैत ट्रॉलरना मासेमारीबंदी असते. पाऊस सुंदर, पण ताटातली इस्वण (सुरमई) ताजी असेलच असं नाही.

पणजीला रेल्वे स्टेशन नाही. करमळीला उतरा, तेच जवळचं. गाडी तिथे थांबत नसेल तर थिवी किंवा मडगाव. विमानानं येणार असाल तर तिकिटावर मोपा आहे की दाबोळी ते नीट वाचा, दोन्ही वेगळ्या दिशांना आहेत.

खोली घेताना स्वस्ताई बघू नका, अंतर बघा. फोंतेन्हास, मळा किंवा चर्चच्या आसपास घ्या. कारण? दुपारी परत येऊन झोपायचंय. मिरामारला समुद्र दिसतो म्हणून खोली घेतली तर जेवून तिकडे जाणं आणि पाचला परत येणं जिवावर येतं, आणि मग माणूस गावातच उन्हात भटकतो. खोलीला एसी हवा, नसेल तर निदान जोरात फिरणारा पंखा.

दिवसाचे दोन तुकडे करायचे. पहिला सकाळी साडेसात ते बारा. उठल्याउठल्या भाजी-पाव: पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही मिसळून, सोबत बन आणि मिरचीची भजी. हॉटेलातल्या फुकटच्या नाश्त्यावर पोट भरू नका, तिथे कॉर्नफ्लेक्स असतात. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडून गरम पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, घ्या. ती तशीच, कोंडा बोटांना लागत, नुसती खायची. मग चर्चच्या त्या पांढऱ्या जिन्यांवर ऊन चढायच्या आत. मग मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातल्या निळ्या टाइल्स. एका पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग आहेत, मान वर करून वीस मिनिटं बघत राहावं असं काम. सरकारी इमारत आहे, म्हणजे कामाच्या दिवशी आणि सकाळीच. फोंतेन्हासही सकाळीच. तिथे लोक राहतात, तो सिनेमाचा सेट नाही. दुसऱ्याच्या पायरीवर चढून, खिडकीला टेकून फोटो काढू नका. कुणी ओरडलं तर त्यांचं बरोबर आहे. सेंट सेबॅस्टियनच्या चॅपलमध्ये क्रूस बघा: तो जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आलेला, आणि त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत.

जेवण साडेबाराला. दीडला नाही, दोनला तर नाहीच. खानावळीत ताट घ्या: शीत (भात), हुमण (माशांची आमटी), किसमूर (सुक्या सुंगटांची कोशिंबीर), तिसऱ्या, तळलेला बांगडा, सोलकढी. उशिरा गेलात तर तिसऱ्या संपलेल्या असतात आणि वाढणाऱ्याला घरी जायची घाई असते. सोमवारी अनेक घरांत मासे नसतात, काही खानावळींतही नसतात. शाकाहारी मंडळींनी खतखते, म्हणजे मिसळीची भाजी, विचारावं. जेवलात की खोली गाठा. झोप येत नसेल तर पडून राहा. दुपारी उघड्यावर बघण्यासारखं एकच, जुन्या सचिवालयाशेजारचा, गोव्याचे संमोहनतज्ज्ञ आबे फारिया यांचा पुतळा. १९४५ पासून ते तिथे एका बाईवर संमोहन करत उभे आहेत. दुपारी ते सगळ्या पणजीवर करतात असं मला वाटतं. तरी जाऊ नका, झोपा.

दुसरा तुकडा पाचनंतर. आता पिण्याचं. फेणी चाखायची तर आधी पोटात काहीतरी हवं, हे ऐका. काजूची की माडाची, आधी विचारा. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते काजूच्या फेणीला. माडाची वेगळी, वासाला नरम. पहिला घोट नुसता, थोडासा. नंतर हवं तर लिंबूसोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. हुर्राकलाही तसंच. ती हलकी लागते म्हणून ग्लासावर ग्लास रिचवला की खुर्चीतून उठताना कळतं. बसायला फोंतेन्हासमधले एका खोलीएवढे बार शोधा, मोठ्यानं गाणी लावलेले टाळा. चाखणं म्हणजे दोन ठिकाणी दोन लहान पेग, संपलं. नंतर गाड्यावरचं रॉस ऑम्लेट: ऑम्लेटवर शागुतीचा (खोबऱ्याच्या मसाल्याचा) रस्सा, बाजूला पाव. चोरीस-पावही, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज पावात, तिथेच. काफ्रेल, म्हणजे हिरव्या मसाल्यातली कोंबडी, दुसऱ्या रात्रीसाठी ठेवा.

पिऊन गाडी चालवायची नाही. भाड्याची दुचाकी घेतलीत तर नंबरप्लेट काळी, अक्षरं पिवळी, हे पाहूनच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं घेतली की पोलीस तुम्हालाच अडवतात. मी म्हणतो घेऊच नका. गाव पायी होतं, रात्री पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसा, भाडं आधी ठरवून.

जुनं गोवं एका सकाळी, कदंब स्टँडवरून बसनं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. रविवारी मिसा असतात, टाळा. परतताना रायबंदरचा बांध लागतो, सतराव्या शतकातला, अजून त्यावरून बस जाते. रायबंदरहून फेरीनं दिवाडी बेटावर जाऊ शकता, पण मग जेवणाची वेळ सांभाळा. साडेबारा. दिवाडीत दुपारी अडीचला पाण्याची बाटली मिळणंही मुश्कील.

सामान: सुती कपडे, चपला, टोपी, नेहमीची औषधं, ओळखपत्र. बस्स.

शेवटचा दिवस. चेकआउट अकराला, बस रात्री, आणि मध्ये तेच, एक ते चार. सगळ्यात वाईट दुपार हीच. तेव्हा बुकिंग करतानाच संध्याकाळपर्यंत खोली मागा, अर्ध्या दिवसाचे पैसे द्या. बॅगा ठेवून घेतो म्हणाले तरी बॅगा झोपतात, तुम्ही नाही. फेणी सीलबंद आणि बिलासकट. विमानात बाटली चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. बेबिंका, दोदोल ही गोव्याची गोडं आणि काजू म्युनिसिपल मार्केटातून. सकाळी.