टीनएज मुलांचा छोटासा आनंद कसा जपायचा

घरात कुणाला डिप्रेशन होऊन गेलंय किंवा मूल स्वतः एकदा त्यातून गेलंय, तर टीनएजमधे जरा जास्त जपावं लागतं. पण आपण बघतो फक्त रडणं, या वयात डिप्रेशन बरेचदा चिडचिड म्हणून दिसतं आणि आवडीच्या गोष्टीतला रस जातो ते तर लक्षातच येत नाही.

सगळ्यात आधी आपली एक सवय सोडा. मुलगी खुशीत सांगत येते गणितात ८२ पडले, आणि आपण लगेच "बाकीचे १८ कुठे गेले?", नाहीतर "एवढी हसू नको, नंतर रडशील". असं सारखं झालं की पुढे तीच स्वतःला सांगायला लागते की हे काही टिकणार नाही, आणि आनंदावर असं पाणी टाकणं नि मुलांमधली डिप्रेशनची लक्षणं यांचा संबंध अभ्यासातही दिसलाय. त्यापेक्षा मोबाईल खाली ठेवा, विचारा "कुठलं गणित अडलं होतं, मग कसं सोडवलंस?" आणि तिला बोलू द्या, सल्ला अजिबात नको. दोन मिनिटं पुरतात खरंच.

दुसरं, "मूड आला की जाईन" याची वाट बघू नका. आधी कृती, मूड मागून येतो, थेरपीत याला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. वेळ ठरवून अगदी छोटं काहीतरी, दहा मिनिटं सायकल, एका मित्राकडे चक्कर. आणि प्लीज, दहावी आली म्हणून तबला, क्रिकेट, गॅदरिंग सगळं एकदम बंद करू नका, नेमका तोच आधार असतो त्यांचा.

झोप ८ ते १० तास हवीच.

आणि वाईट वाटत असेल तेव्हा "पॉझिटिव्ह राहा" म्हणू नका, "वाईट वाटणारच रे" म्हणा आणि ऐका.

उदासी, चिडचिड किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे जवळपास रोज दिसलं तर डॉक्टरांना दाखवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्री आहे, २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटतो का हे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणालं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या.