क्वांटम संशोधकांनी कामाबाहेरचा वेळ कसा राखावा
प्रयोगशाळेतील डायल्यूशन रेफ्रिजरेटर (क्वांटम उपकरणे अतिशय थंड ठेवणारे यंत्र) सुमारे १० मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, थंड व्हायला अनेकदा एक दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून तो सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सुरू करावा, देखरेखीच्या पाळ्या गटात आधीच वाटून घ्याव्यात आणि ज्यांची पाळी नाही त्यांनी घरून आकडे पाहत बसू नये. सैद्धांतिक काम करणाऱ्यांची अडचण अधिक बिकट असते, कारण अपुरी राहिलेली सिद्धता त्यांच्यासोबत घरी येते. त्यांनी काम थांबवून उठण्यापूर्वी पुढची पायरी वहीत लिहून ठेवावी. छंद शक्यतो हात गुंतवणारा निवडावा: माहिती सिद्धांताचा पाया घालणारे क्लॉड शॅनन अनेक चेंडू एकाच वेळी हवेत खेळवण्यात रमत, तर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन बोंगो हे तालवाद्य वाजवत. गटप्रमुखांनी रात्री कामाचे संदेश पाठवू नयेत, हे माझ्या मते सर्वांत निकडीचे आहे.