रोटॅक्स ९१२: लँडिंग लाइट लावली की व्होल्टेज चढतं
रोटॅक्स ९१२ इंजिनाच्या, घरी बांधलेल्या विमानात लोड वाढल्यावर बॅटरीचं व्होल्टेज १४.२ वरून १४.९ ला गेलं, तर लगेच रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बदलू नका. आमच्याकडे रेग्युलेटर ठणठणीत होता. तो आपल्या ‘सी’ या व्होल्टेज मोजणाऱ्या टर्मिनलवर जे व्होल्टेज दिसतं तेच १४.२ च्या आसपास ठेवतो. ‘सी’ची वायर बसच्या (सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीच्या) शेवटच्या टोकाला असेल, तर वाटेत पडलेलं व्होल्टेज तो बॅटरीत जास्तीचं भरतो.

तपासणी इंजिन बंद ठेवूनच होते, प्रॉपेलरजवळ जायची गरजच नाही. मास्टर (बॅटरीचा मुख्य स्विच) आणि लाइट चालू करा, साधारण ८ अँपिअर लोड येऊ द्या. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं ‘सी’ला. आम्हाला ०.७ व्होल्ट मिळाले. मग एकेक जोड मोजला: ०.४५ एकट्या मास्टर स्विचच्या ढिल्या, काळवंडलेल्या लगवर (वायर जोडायच्या धातूच्या टोकावर), ०.१५ एका कच्च्या क्रिम्पमध्ये (दाबून केलेल्या जोडात), उरलेले वायरमध्ये.

स्विच बदलला, क्रिम्प नव्याने केला आणि ‘सी’ची वायर फ्यूजसह थेट मुख्य बसच्या सुरुवातीला आणली. ती मास्टर स्विचनंतरच, म्हणजे स्विच बंद केल्यावर तुटेल अशीच हवी, नाहीतर उभ्या विमानात बॅटरी हळूहळू उतरते. आता फरक ०.१ व्होल्टच्या आत आहे.