गौरीजेवणाला एकच पंगत कशी बसवायची (स्वयंपाक करणाऱ्यांसकट)

गौरी जेवतात त्या दिवशी तुमच्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं ते जरा आठवून बघा. आमच्या साताऱ्याच्या घरी वर्षानुवर्षं असंच चालायचं, आधी नैवेद्य, मग सवाष्ण, पुरुषमंडळी आणि पोरं, मग पाहुण्यांची दुसरी पंगत, आणि सासूबाई, दोन्ही जावा आणि मी चार वाजता स्वयंपाकघरातच खाली बसायचो, पानात गार वरणभात आणि फाटलेल्या पोळ्या. सासूबाईंना तर तोपर्यंत भूकच राहायची नाही. गौर माहेरवाशीण म्हणून घरी येते, तिचं एवढं कौतुक, आणि ज्यांनी पहाटे चारपासून रांधलं त्या मात्र गार खाणार, हे मला फार लागायचं. आता चार वर्षं झाली आमच्याकडे अठरा माणसं एकाच पंगतीला बसतात. कसं जमवलं ते सगळं सांगते.

सगळ्यात आधी गरम पोळीचा हट्ट सोडा. खरी अडचण तीच आहे, जेवणाऱ्याला तव्यावरची पोळी हवी म्हणजे कुणीतरी एक बाई तव्यापाशी अडकलीच. पुरणपोळी गारसुद्धा छान लागते, उलट मुरलेली जास्त चांगली. फक्त तव्यावरून काढली की सुती कापडावर पसरायची, वाफ गेली की मग एकावर एक ठेवायची, गरमच डब्यात भरल्या तर घाम येऊन चिकटतात. वाढताना वरून गरम केलेलं तूप आणि दुधाची वाटी, कुणाला काही कमी वाटत नाही. कटाची आमटी आणि भात तेवढे कडक गरम हवेत, ते झाकून गॅसवर ठेवता येतात.

अंदाज सांगते. १ किलो हरभऱ्याच्या डाळीला आम्ही पाऊण किलो गूळ आणि पाव किलो साखर घालतो, त्यात मध्यम आकाराच्या साधारण ४० पोळ्या होतात, म्हणजे अठरा जणांना दोन दोन आणि वर नैवेद्याच्या. पुरणात उलथनं उभं राहिलं की गॅस बंद. पुरण आदल्या रात्रीच शिजवून वाटून फ्रीजमध्ये ठेवा, कट पण गाळून ठेवा. ज्यांच्याकडे सोवळं आहे त्यांनी नैवेद्यापुरतं पुरण सकाळी वेगळं करावं, आमच्या मोठ्या जाऊबाई तसंच करतात आणि वाटीभर डाळीला वेळ लागत नाही. कुरडया पापड आदल्या दिवशी तळून हवाबंद डब्यात, आळूवड्यांचे उंडे उकडून तयार, सकाळी फक्त कापायचे आणि तळायचे.

आता भाज्या. सोळा भाज्या एकट्या बाईने चिरायच्या म्हणजे अर्धी रात्र त्यातच जाते. आवाहनाच्या दिवशी संध्याकाळी गौरी बसल्या, भाजीभाकरीचा नैवेद्य झाला की हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरा आणि अख्ख्या घराला खाली बसवा. पोरांना गवार आणि चवळीच्या शेंगा मोडायला द्या, दीरांना लाल भोपळा आणि सुरण (हाताला तेल किंवा चिंचेचा कोळ लावून, नाहीतर खाज सुटते, अळूला पण तेच), भेंडी, पडवळ, दोडका, कारलं ज्याला जे जमेल ते. आम्ही सगळ्याची मिळून एकच भाजी करतो त्यामुळे चिरणं कसंही वेडंवाकडं चालतं. मला विचाराल तर आमच्या सणातला सगळ्यात छान तास हाच. पुण्याहून आलेला पुतण्या पहिल्या वर्षी म्हणाला काकू मला वाटायचं ही भाजी आपोआप होते, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने वाटीतला पडवळाचा तुकडा उचलून हा मी चिरलेला म्हणून सगळ्यांना दाखवला.

पूजनाचा दिवस पुष्कळदा कामाच्या वारी येतो, २०२५ ला सोमवार आला होता, तर रजा फक्त बायकांनी काढायची हे आधी बंद करा. पुरुषांपैकी दोघांनी तरी अर्धा दिवस काढायचाच, आणि पाहुणे म्हणून नाही, वाढपी म्हणून.

पंगत बसवायची वेळ कुठली, तर नैवेद्य दाखवून गौरींपुढे पडदा ओढतो ना, ती पंधरा मिनिटं. त्या जेवतात तोवर आपण पानं मांडायची. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, पंचामृत डावीकडे, भाजी आणि आमटीची वाटी उजवीकडे, मधे भाताची मूद, वरण आणि पोळी. सगळ्या पानांत सगळं आधीच वाढून टाका. पंगत इंग्रजी यू अक्षरासारखी बसवा आणि मधल्या मोकळ्या जागेत पातेली ठेवा म्हणजे नंतर हवं ते बसल्या जागेवरून घेता येतं. दोघं जण उठून वाढायला लागतातच, आमच्याकडे तो मान यंदा कुणाचा याची पोरांत चढाओढ असते. स्वयंपाक केलेल्या बायकांनी उठायचं नाही, मीठ पाहिजे असलं तरी नाही. सासूबाई पहिल्या वर्षी तीन वेळा उठल्या, तिन्ही वेळा मोठ्या दीरांनी खांद्याला धरून खाली बसवलं.

सवाष्णीबद्दल एक बोलायचंय. आमच्या आत्या विधवा आहेत, जन्मभर याच घरासाठी राबल्या, पुरणाला त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही, आणि कुंकू लावायच्या वेळी त्या आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. आता आम्ही त्यांना पहिलं पान देतो, हळदीकुंकू लावतो आणि ओटी पण भरतो. पहिल्यांदा घरात कुरबुर झाली, सासूबाईंनी एका वाक्यात मिटवली, म्हणाल्या गौर तिच्या हातचं जेवते तर तिला कुंकू का नको. तुमच्या घरी असं कुणी असेल तर सणाच्या आधीच घरच्यांशी बोलून ठेवा, आयत्या वेळी सगळ्यांसमोर विषय काढला की त्या माणसालाच अवघडल्यासारखं होतं.

आणि आभार. आपल्यात घरच्या माणसाला थँक्यू म्हटलं की परक्यासारखं वाटतं, उभं राहून भाषण तर नकोच. आम्ही काय करतो, वाढताना पदार्थाबरोबर नाव घेतो. ही आळूवडी धाकट्या काकूची, ही कोशिंबीर आजीची, हे अळू शेजारच्या आजोबांच्या परसातलं. खाणारा आपोआप त्या माणसाकडे बघतो आणि चव सांगतो, तेवढं पुरतं. जे नाहीत त्यांचं पण नाव येतं, सासरे गेल्यापासून पंचामृत त्यांच्या आवडीचं म्हणजे तीळकूट जास्त घालूनच होतं आणि वाढताना हे नानांचं पंचामृत असंच म्हणतात. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं पान याच पंगतीत असतं. त्यांना घाई असेल तर डबा आधी भरून ठेवा, उरलंसुरलं नाही, पहिल्या वाढपातलं.

मग उखाणे, आणि ते पुरुषांकडून पण. दिरांनी घेतलेला अजून घरात गाजतोय, सोळा भाज्या, पुरणाची पोळी, दारात काढली रांगोळी, हिचं नाव घेतो, आज भांड्यांची माझी पाळी. आणि खरंच घासली.

फोन सगळे पंगतीआधी टोपलीत, एकच चालू ठेवायचा, जर्मनीतल्या नणंदेच्या व्हिडिओ कॉलसाठी, तिकडे तेव्हा सकाळ असते, ती पण तिच्या ताटात वरणभात घेऊन बसते. वाटणीचे, लग्न का जमत नाही, पोराला मार्क किती पडले हे विषय त्या दोन तासांत काढायचे नाहीत, आम्ही हे आदल्या दिवशी भाजी चिरतानाच सगळ्यांना सांगून टाकतो.

जेवणं झाली की विडे ज्यांनी स्वयंपाक केला नाही त्यांनी लावायचे, आणि उठायच्या आधी वहीत लिहून घ्या, किती किलो डाळ लागली, पोळ्या किती उरल्या, कुठली भाजी कमी पडली, कुणी काय केलं. आमच्या वहीत पहिल्या वर्षीच्या पानावर सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, दीड पोळी, गरम आमटी, वेळ सव्वा एक.