नवी ट्रायथलॉन सायकल घेतलीत? मग पहिल्या महिन्यात या चुका टाळा

गोव्यात 2019 साली आयर्नमॅन 70.3 ही पोहणं, सायकल आणि पळणं अशी सलग स्पर्धा, म्हणजे ट्रायथलॉन, सुरू झाली आणि मराठवाड्यातही एरोबारच्या (कोपर टेकवून, वाकून धरायच्या पुढच्या दांड्यांच्या) सायकली दिसू लागल्या. पहाटे पैठण रोडला किंवा लातूर-औसा रस्त्यावर उभं राहिलं की एखादी तरी झपकन जाते. काही लाखांची सायकल घेतल्यावर पंधरा दिवसांत मालकाच्या ज्या तक्रारी सुरू होतात, त्याही आता पाठ झाल्या आहेत. हँडल थरथरतं, मान धरते, सीट टोचते. जुनी रोड बाईक 8 किलोची होती, ही साडेनऊची, मग एवढे पैसे कशाला घातले?

यातल्या बहुतेक तक्रारींत सायकलचा दोष नसतो. ती जोडताना घाई झालेली असते, किंवा तिच्यावर बसायचं कसं हे ठरवण्याआधीच लोक तिच्याबद्दल मत बनवून मोकळे होतात. पहिल्या दोन-तीन राईडवरून ट्राय बाईकला चांगली किंवा वाईट ठरवू नका. तोवर ती तुमच्या मापाची झालेलीच नसते.

खोकं उघडलं की लगेच ॲलन की हातात घेणं

ही चूक सगळ्यांत महागात पडते.

महागड्या ट्राय बाईक मोठ्या शहरातून खोक्यात बंद होऊन येतात. सीटपोस्ट (सीटखालची दांडी), बेसबार (मुख्य आडवं हँडल), एरोबार आणि चाकं आपण लावायची असतात. घरी ॲलन कीचा संच असतो, टॉर्क रेंच (बोल्ट किती आवळला ते दाखवणारा पाना) नसतो. "हाताला अंदाज आहे" असं म्हणून काम उरकलं जातं. स्टीलच्या सायकलवर तो अंदाज चालून जातो, कार्बनवर नाही. कार्बनचा भाग त्याच्या धाग्यांच्या दिशेने प्रचंड ताण सोसतो, पण एका ठिकाणी चिमटा बसला की आतले थर एकमेकांपासून सुटतात. बाहेरून पाहिलं तर केसाएवढी रेघ दिसते, कधी तीही दिसत नाही.

नांदेडकडच्या एका सायकलपटूच्या बाबतीत हे कसं घडलं ते क्रमाने पाहण्यासारखं आहे. सायकल घरीच जोडली. सीटपोस्ट फ्रेममध्ये सहज सरकावी म्हणून तिला ग्रीस लावलं. इथेच घोळ झाला. कार्बन सीटपोस्टला ग्रीस नसतं लावायचं, कार्बन असेंब्ली पेस्ट लावायची. त्या पेस्टमध्ये बारीक कण असतात. त्यांच्यामुळे पकड वाढते आणि कमी आवळूनही पोस्ट जागची हलत नाही. ग्रीस लावल्यामुळे पोस्ट दर राईडला थोडी थोडी खाली बसत गेली. खूण केलेली नव्हती, त्यामुळे ते लक्षात आलं नाही. लक्षात आला तो गुडघ्याच्या पुढच्या बाजूचा दुखावा. सीट खाली आली की पायडल मारताना गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर भार येतो. दोन आठवडे गुडघ्याला बर्फ आणि मलम झालं, सायकलकडे कुणी पाहिलंच नाही. शेवटी कुणीतरी फीत लावून सीटची उंची मोजली, तेव्हा ती 12 मिलिमीटर खाली आलेली निघाली. मग उपाय काय केला, तर लांब दांड्याची ॲलन की घेऊन पोस्टला फ्रेममध्ये दाबून धरणारी पाचर आणखी आवळली. तरी सरकली. आणखी आवळली. 'कट्' असा आवाज आला.

फ्रेमची आतली बाजू पाचरीजवळ चिरली होती. जास्त आवळल्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे बहुतेक कंपन्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं. ट्राय बाईकची सीटपोस्ट बहुधा गोल नसते, ती त्या मॉडेलपुरतीच असते. त्यामुळे जवळच्या दुकानातून दुसरी आणून भागवता येत नाही. त्या मोसमातली स्पर्धा जुन्या रोड बाईकवरच झाली.

सीटपोस्ट बसवण्याची रीत अवघड नाही. पोस्ट आणि फ्रेमची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेस्टचा पातळ थर द्या. पोस्ट हवी तिथे आणून पाचर दोन टप्प्यांत आवळा. किती आवळायचं हा आकडा बहुधा त्या भागावरच छापलेला असतो, नसेल तर मॅन्युअलमध्ये असतो. बऱ्याच ठिकाणी तो 5 ते 6 न्यूटन मीटर असतो, पण आपल्या भागावरचाच आकडा पाळा. मग पोस्ट जिथे फ्रेममध्ये शिरते तिथे इलेक्ट्रिकच्या चिकटपट्टीचा एक वेढा द्या. पोस्ट सरकली तर पट्टी गोळा होते आणि पाहताक्षणी कळतं. पहिल्या 20-25 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासा. एवढी सायकल घेणाऱ्याला चांगला टॉर्क रेंच परवडत नाही, हे काही पटत नाही. तो सायकलबरोबरच घ्या.

फोटो पाहून हँडल खाली करणं

नवशिक्याला सगळ्यांत घाई असते ती याची. जागतिक स्पर्धकांचे फोटो पाहायचे आणि पहिल्याच दिवशी एरोबारखालचे सगळे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या चकत्या) काढून टाकायचे. दहा किलोमीटरनंतर मान वर होत नाही, तळहातावर भार देऊन बेसबार धरला जातो आणि बाकीची राईड तशीच पार पडते. मग म्हणायचं की सायकल पळत नाही. छाती वाऱ्याला दिली तर कुठलीच सायकल पळणार नाही.

क्रम उलटा ठेवा. आधी सीट, मग कोपराचे पॅड, शेवटी एरोबारच्या दांड्या.

रोड बाईकचा सीटट्यूबचा कोन साधारण 73 अंशांच्या आसपास असतो, ट्राय बाईकचा 76 ते 80. म्हणजे बसणारा पायडलच्या जवळजवळ डोक्यावर येतो. कंबर पुढे कलते, पण मांडी आणि धड यांच्यातला कोन मोकळा राहतो. तो मोकळा राहावा म्हणूनच ही सायकल अशी बनवलेली आहे. रोड बाईकच्या सवयीने सीट मागे ढकलली, तर गुडघा पोटात शिरतो, श्वास अडतो आणि सायकलवरून उतरल्यावर पळताना पाय लाकडासारखे होतात. सीट पुढेच ठेवा. दुभंगलेल्या नाकाच्या सीटवर बसताना नाकाच्या दोन फाकांवर पुढची हाडं टेकली पाहिजेत. मागे रुंद भागावर बसाल तर मधल्या नाजूक जागेवर दाब येतो आणि मुंग्या येतात. मुंग्या आल्या तर दुर्लक्ष करू नका. सीट सपाट किंवा नाक 1 ते 3 अंश खाली ठेवा. त्याहून जास्त खाली केलं तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार खांद्यांवर जातो.

पॅड कोपराच्या किंचित पुढे, मनगटाकडच्या बाजूला, हाताखाली यायला हवेत. भार हाडाने पेलायचा, स्नायूने नाही. पॅडची उंची सुरुवातीला जास्त ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीही 5 मिलिमीटरने, आणि वहीत तारीख घालून लिहा. सीट, पॅड आणि दांड्या एकाच रविवारी हलवल्या तर बरं कशाने वाटलं हे कधीच कळणार नाही.

पोझिशन जमली का हे घरातल्या ट्रेनरवर (सायकल एका जागी ठेवून चालवायच्या स्टँडवर) पाहा. स्पर्धेत जेवढी ताकद लावणार तेवढी लावून 20 मिनिटं एरोवर, म्हणजे कोपर पॅडवर टेकवून, राहा, एकदाही उठायचं नाही. उठावंसं वाटलं तर पॅड 5 मिलिमीटर वर घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. 70.3 मध्ये पोहणं 1.9 किलोमीटर झाल्यावर 90 किलोमीटर सायकल आणि तिच्यानंतर 21.1 किलोमीटर पळणं असतं. त्या 90 किलोमीटरमध्ये टिकते तीच तुमची पोझिशन, फोटोत ती कशी का दिसेना.

हे सगळं ठरेपर्यंत दांड्या कापू नका आणि ब्रेकची होज (तेलाची नळी) तोडून आखूड करू नका. कापलेलं वाढत नाही. कमीत कमी दोन महिने लांब दांड्या सहन करा.

एरोवर असताना ब्रेक हाताशी नसतो

ब्रेकचे लिव्हर बेसबारवर असतात. ताशी 35 किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला जवळपास 10 मीटर जाते. दांडीवरचा हात बेसबारवर येईपर्यंत एक सेकंद सहज जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 10 मीटर गेलेले असतात. आपल्याकडे गावाच्या वेशीवर पांढरे पट्टे नसलेले गतिरोधक असतात, शेळ्या अचानक रस्त्यावर येतात आणि गाळपाच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. गाव, फाटा, घाटाचा उतार आणि कुठलंही वाहन ओलांडताना हात बेसबारवर. समृद्धी महामार्ग गुळगुळीत दिसतो म्हणून मोह होतो, पण तिथे दुचाकीलाही परवानगी नाही, सायकलचा तर प्रश्नच नको.

हँडल थरथरतं ही तक्रारही एरोवर बसण्यातूनच येते. अंगाचा भार पुढच्या चाकावर आणि हात मधोमध जवळजवळ, त्यामुळे मनगटाची थोडी हालचालही चाकापर्यंत पोचते. पहिल्या चार-पाच राईड मोकळ्या सरळ रस्त्यावर करा, दांड्या घट्ट आवळून धरू नका आणि नजर चाकावर न ठेवता लांब ठेवा. पुढे 80 मिलिमीटर खोलीची रिम असेल तर जून-जुलैच्या पश्चिमेच्या वाऱ्यात त्रास होणारच. जालना-अंबडकडच्या मोकळ्या माळावर उसाच्या फडाचा आडोसा संपला की वारा एकदम बाजूने बसतो. त्या महिन्यांत पुढे 50 ची रिम लावा. मागचं चाक खोल असलं तरी चालतं, ते हँडल ओढत नाही.

टायर, हवा आणि सराटे

नव्या चाकांपैकी बरीच हुकलेस असतात, म्हणजे टायरची कड अडकवणारा आकडा त्यांच्या रिमला नसतो. त्यांच्यात हवेची कमाल मर्यादा 5 बार, म्हणजे सुमारे 72.5 पीएसआय, आणि टायरही हुकलेसला चालणाराच लागतो. रोड बाईकवर 100 भरायची सवय असलेल्यांनी आधी रिमवरचं लिहिलेलं वाचावं. त्यात आपलं ऊन. पहाटे 25 अंशांना 68 पीएसआय भरून सायकल बंद गाडीत ठेवली आणि आतलं तापमान 50 वर गेलं, तर हवा 75 च्या आसपास पोचते. एप्रिल-मेमध्ये प्रवासाआधी टायरमधली हवा कमी करा, मुक्कामी पोचल्यावर भरा.

सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा टायरमधला द्रव, हाही उन्हात लवकर वाळतो. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, उन्हाळ्यात दोन महिन्यांनी उघडून बघा. 28 मिलिमीटर रुंदीच्या टायरला 40 मिलिलिटरच्या आसपास पुरतं.

सराट्याच्या काट्यांची गंमत नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये काटा घुसतो, सीलंट भोक बुजवतं आणि काटा तिथेच राहतो. असे दहा-बारा काटे टायरमध्ये जमतात. मग एक दिवस मोठा छेद पडतो, ट्यूब टाकावी लागते आणि हवा भरताच ती फुसकन बसते, कारण आतली टोकं तशीच असतात. ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवा आणि अडकलेला प्रत्येक काटा छोट्या चिमट्याने काढा. त्या ट्यूबचा व्हॉल्व्हही तपासून घ्या. 60 च्या रिमला 80 मिलिमीटरचा व्हॉल्व्ह लागतो. पिशवीत 48 चा असेल तर पंक्चर काढूनही हवा भरता येणार नाही. मागे डिस्क चाक (तारांऐवजी बंद तबकडीचं) असेल तर वाकड्या तोंडाचा ॲडाप्टर हवाच.

थोडक्यात, पण गंभीर

चाक काढलेलं असताना ब्रेक दाबू नका. ब्रेकचे पॅड एकमेकांना चिकटतात. पॅडमध्ये प्लॅस्टिकची चकती अडकवून ठेवा.

नवीन डिस्क ब्रेक बसू द्या. ताशी 30 च्या वेगावरून हळू होईपर्यंत, पण चाक न थांबवता, वीस-पंचवीस वेळा दाबा. डिस्कजवळ कुठलाही तेलाचा स्प्रे मारू नका.

दोन हातांमधल्या बाटलीतून गोड पाणी सांडतं आणि हेडसेटमध्ये (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगमध्ये) मुरतं. राईडनंतर ओल्या फडक्याने पुसा आणि महिन्यातून एकदा हेडसेट उघडा. ट्रेनरवर घामाने तेच होतं, तेव्हा बारवर टॉवेल टाका.

स्रामचे बिनतारी गिअर असतील तर गाडीत सायकल टाकताना डिरेलरची (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाची) बॅटरी काढून ठेवा. हादऱ्यांनी ती जागी राहते आणि उतरते. मागची संपली तर पुढच्या डिरेलरची तिथे लावता येते, दोन्ही सारख्याच असतात. शिमानोच्या डीआयटू या विजेवर चालणाऱ्या गिअरमध्ये पुढचे गिअर बदलेनासे झाले की समजा, चार्जिंग संपत आलं.

वजनाचा विचार सोडा. बीडकडे जाताना मांजरसुंब्याचा घाट सोडला तर बाकी पट्ट्यात वाराच आडवा येतो, एक-दीड किलोने फार फरक पडत नाही.

जुन्या आणि नव्या सायकलची तुलना सरासरी वेगावरून करू नका. एकाच रस्त्यावर, वारा पडलेल्या सकाळी, तेवढ्याच वॉटवर जा आणि त्याच रस्त्याने परत या. पॉवर मीटर (पायांची ताकद वॉटमध्ये मोजणारं साधन) आधी शून्यावर आणा. पहाटेच्या गारव्यातून उन्हात आल्यावर पुन्हा आणा.

आणि डिरेलर हँगर (मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) सायकलबरोबरच एक जास्तीचा मागवा. सायकल उजव्या बाजूला नुसती कलंडली तरी तो वाकतो, जवळच्या दुकानात मिळत नाही आणि स्पर्धेच्या आठवड्यात कुरिअर वेळेवर येईलच असं नाही. तो कागदात गुंडाळून सीटमागच्या पिशवीत ठेवा, घरच्या कपाटात नको.