दुःखात श्रद्धा कशी टिकवावी आणि दुखावलेल्यांना धीर कसा द्यावा

तळकोकणातील देवळात गाऱ्हाणे घालताना ज्यांनी ऐकले आहे, त्यांना दुःखातील श्रद्धेची अर्धी वाट माहीतच असते. ‘बा देवा म्हाराजा’ अशी हाक घालून गुरव किंवा मानकरी गावावरचे आजार, अडलेली कामे आणि आलेली संकटे ग्रामदेवतेपुढे मोठ्या आवाजात मांडतो आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. देवाकडे तक्रार नेणे हा येथे देवाचा अपमान ठरत नाही, उलट ते पूजेचेच एक अंग आहे. 1630 च्या दुष्काळात पहिली पत्नी आणि मुलगा गमावलेले तुकोबाही विठ्ठलाशी उघडपणे भांडत राहिले, आणि त्यांना कोणी नास्तिक म्हटले नाही.

म्हणून ज्याच्यावर संकट कोसळले आहे त्याने आपला राग प्रथम दाबू नये. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाडवडिलांनी लावलेल्या नारळी-पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. नव्याने लावलेली पोफळ उत्पन्न द्यायला काही वर्षे घेते, हे ठाऊक असलेल्या बागायतदाराला त्या संध्याकाळी देवापुढे हात जोडणे जड गेले असेल तर त्यात नवल नाही. अशा वेळी देव्हाऱ्यासमोर बसून, जे झाले ते नावानिशी आणि आपल्याच बोलीत सांगावे. ‘माझी बाग गेली, कर्ज उरले, आता मी काय करू’ एवढे बोलणेही प्रार्थनाच असते. फार मोठा नेम मात्र धरू नये, कारण तो मोडला की दुःखावर अपराधाची भर पडते. सांजवात लावण्याइतका किंवा झोपण्यापूर्वी एकदा नाम घेण्याइतका नेम पुरेसा आहे. सुतकात देवपूजा बंद असते, त्यामुळे नेमक्या गरजेच्या दिवसांत माणसाला देवापासून तोडल्यासारखे वाटते. परंतु मनातल्या मनात नाम घेण्याला सुतकाची आडकाठी नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनी आवर्जून सांगावे.

कौल लावण्याविषयी, म्हणजे देवाला प्रश्न विचारून त्याचे उत्तर मागण्याविषयी, थोडे सावध राहावे. निर्णय घेताना मनाला आधार मिळावा म्हणून कौल घेणे निराळे आणि ‘हे कोणाच्या चुकीमुळे झाले’ हे शोधण्यासाठी घेणे निराळे, कारण दुसऱ्या प्रकारात बोट बहुधा घरातल्या सुनेकडे किंवा आजारी मुलाच्या आईकडे वळते. आजार असेल तर आधी डॉक्टर गाठावा. गाऱ्हाणे उपचारासोबत चालू राहू शकते.

सांत्वनाला जाणाऱ्याचे काम ‘व्हय म्हाराजा’ म्हणणाऱ्या मंडळींसारखे आहे. त्याने दुजोरा द्यायचा असतो, देवाची वकिली करायची नसते. ‘त्याची मर्जी’, ‘पूर्वजन्मीचे भोग’, ‘चांगल्या माणसांनाच देव लवकर नेतो’ ही वाक्ये बोलणाऱ्याची अडचण दूर करतात, ऐकणाऱ्याला मात्र त्यांच्यापुढे गप्प बसावे लागते. ओटीवर जाऊन बसावे, ‘काय झाले’ हे एकदाच विचारावे आणि समोरची व्यक्ती तीच हकिकत चौथ्यांदा सांगू लागली तरी तिला मध्येच तोडू नये. गेलेल्या माणसाचे नाव घ्यायला लोक उगाच बिचकतात. त्याची एखादी खरी आठवण सांगितली तर घरच्यांना बरेच वाटते. शेजारून पिठी-भाताचे पातेले न्यावे आणि भांडी परत मागायची घाई करू नये. पंचनामा, मृत्यूचा दाखला, बँकेची कामे यांसाठी ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणण्यापेक्षा ‘मंगळवारी मी तुमच्याबरोबर तहसील कचेरीत येतो’ असे सांगावे, कारण दुःखातला माणूस सहसा मागून घेत नाही.

खरा एकटेपणा तेराव्यानंतर, मुंबईचे चाकरमानी परत गेले की सुरू होतो. त्या वेळी दर आठवड्याला एक फेरी किंवा एक फोन ठरवून घ्यावा. मासे नेऊन द्यायचे असतील तर घरात अजून शिवराक (मासे-मटण नसलेले जेवण) चालू आहे का, हे आधी विचारावे. अनेक आठवडे झोप नसणे, जेवण सुटणे किंवा जगण्यात अर्थ नाही असे वारंवार बोलणे दिसले, तर त्याला श्रद्धेची कमतरता समजू नये; डॉक्टरकडे न्यावे किंवा शासनाच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलणे करून द्यावे, आणि जिवाला धोका वाटत असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नये.

पहिल्या वर्षीचे सण सर्वांत अवघड जातात, आणि आपल्याकडे गणपती तर विशेषच. त्या वर्षी अनेक घरांत सण साजरा होत नाही. वाडीतील आरती घरोघर फिरते तेव्हा त्या घरावरून गुपचूप पुढे जाऊ नये. आदल्या दिवशीच जाऊन, आमच्याकडे आरतीला येणार का, की यंदा नको वाटते, असे विचारावे आणि मिळेल ते उत्तर मान्य करावे.